दोरीवर मराठी चालत नाही

परवा समोरच्या फ्लॅटमधली सून माझ्याकडं आली. गारखेड्यातल्या आमच्या बिल्डिंगीत एरवी कुणी कुणाचं दार वाजवत नाही, म्हणून मला वाटलं, पाणी गेलं असेल. पण तिचं काम वेगळंच. तिचं पोरगं पाच वर्षांचं. त्याला मोबाईलवर स्पॅनिश शिकायला बसवलंय आणि ते आठवड्याच्या आत कंटाळलं. कुणीतरी तिला सांगितलं, पारूबाईंची, म्हणजे माझी, यशोधरा लहानपणी घरातच स्पॅनिश शिकली आणि आज पुण्यात त्याच भाषेवर नोकरी करते.

"काकू, तुम्ही तिची गोडी कशी टिकवली हो?"

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "गोडी कसली घेऊन बसलीस बाई? त्या भाषेपायी माझ्या घरात रोज वाजायचं. तुझ्या लेकराला खेळू दे तिकडं." बिचारी चहा न घेताच गेली. जाऊ दे. मला गोड बोलायला जमत नाही, साऱ्या बिल्डिंगीला माहीत आहे.

खरं सांगायचं तर गोडी मी टिकवलीच नाही. मी ती मोडायला टपलेली होते. टिकवली पोरीच्या बापानं. आता तो नाही, म्हणून नाव घेऊनच सांगते, कचरू. नवऱ्याला अरेतुरे करते म्हणून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. संसार मी केलाय त्याच्यासंगं, तुम्ही नाही.

कचरू वैजापूरकडच्या एका खेड्यातला. त्याच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा जन्मला तसा त्याला उकिरड्यावर ठेवला, शेजारणीनं उचलला आणि आईनं ओंजळभर जवारी देऊन तिच्याकडून परत घेतला. टाकलेलं लेकरू मरण उचलून नेत नाही म्हणायचे. नाव ठेवलं कचरू. जगला खरा, पण त्या नावानं त्याला आयुष्यभर छळलं. पुढं बौद्ध धम्म घेतला, घरातले देव गेले, पण रेशन कार्डावरचं नाव काही गेलं नाही. कंपनीच्या गेटवर वॉचमन हाक मारायचा ती अशी, की ऐकणाऱ्यानं हसलंच पाहिजे.

तो खलाशी होता. समुद्रावरचा नव्हे, कारखान्यातला. जड मशीन साखळीनं बांधायचं, कप्पीवर, क्रेनवर चढवायचं, जागेवर बसवायचं, ह्या कामाच्या माणसाला चिकलठाण्याच्या एमआयडीसीत खलाशी म्हणतात. त्या सालांत तिकडं रोज एक नवी शेड उभी राहायची. काम मिळायचं, पण कायम कुणी करायचं नाही. आम्ही एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत राहायचो. आमच्या भिंतीसुद्धा कंपनीनं फेकलेल्या खोक्यांच्या फळ्यांच्या होत्या. परदेशातून मशीन ज्या खोक्यांत यायचं, त्या फळ्या. पावसाळ्यात फुगायच्या, उन्हाळ्यात उकलायच्या. त्यांच्यात ढेकूण तर इतके, की मी रॉकेल ओतून ओतून थकले.

त्यातच एका कारखान्यात पत्रा दाबायचं भलंमोठं मशीन आलं, थेट स्पेनहून. ते बसवायला तिथलाच एक फिटर आला, रामोन नावाचा. पिकलेल्या मिशांचा, तोंडात सदा विझलेली सिगारेट. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आमच्या खलाशांना तर त्याहून नाही. पण एक गंमत झाली. ओझं खाली सोडायचं असलं की आपले खलाशी ओरडतात, "आरिया!" पहिल्या दिवशी कचरू तसा ओरडला आणि रामोननं तोंडातली सिगारेट काढली. त्याच्या भाषेतही खाली सोड म्हणायला तोच शब्द. कुठल्या जुन्या जहाजातून कुणी आणला कुणास ठाऊक. तेव्हापासून रामोन ह्याला सोडीना. वर घे म्हणजे सुबे, सावकाश म्हणजे देस्पासियो, जपून म्हणजे कुइदादो. आणि थांब म्हणजे आल्तो. कचरू घरी येऊन मला ते शब्द म्हणून दाखवायचा. मी म्हणायची, "आधी पाय धू."

रामोनचा एक कायदा होता. वर, खाली, डावं, उजवं हे एकाच माणसानं सांगायचं, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. पण आल्तो कुणीही म्हणायचं. झाडूवाल्यानं म्हणलं तरी क्रेन थांबली पाहिजे. का म्हणलास, हे थांबल्यावर विचारायचं.

एक दिवस मशीनचा मोठा भाग क्रेनला लटकलेला, खाली माणसं, आणि कचरूला वाटलं साखळी हुकावरनं सरकतेय. ओरडला, "आल्तो!" सगळं जागच्या जागी थांबलं. क्रेन थांबली, इंजिनिअर थांबले, मॅनेजर बोलता बोलता थांबला. रामोन शिडीवर चढून बघून आला. साखळीला काही झालेलं नव्हतं. ह्याचीच चूक. मॅनेजर ह्याच्या अंगावर धावला, आईबहीण काढली. तर रामोन मॅनेजरच्या अंगावर धावला. मग त्यानं सगळ्यांसमोर कचरूच्या पाठीवर थाप मारली आणि काम पुढं चालू केलं.

त्या संध्याकाळी हा घरी आला तो जेवेना. ताटासमोर नुसता बसलेला. मला वाटलं, नोकरी गेली.

"पारू, माझं चुकलं व्हतं. तरी थांबले गं समदे."

"बरं मग? भाकर गार व्हायली."

मग त्यानं मला ते सांगितलं, जे लग्नाला इतकी वर्षं होऊन कधी सांगितलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. ह्याच्या गावात बौद्धवाड्यावर जमाव आला. हा तेव्हा विशीतला. घराच्या दारात उभा राहिला. येणारे काही परके नव्हते. ज्यांच्या शेतात हा खुरपायला जायचा तेच. हा एकेकाचं नाव घेऊन हात जोडून थांबा म्हणत होता. अण्णा थांबा, तात्या थांबा. एकही थांबला नाही. घर जळलं, आणि बाप मधे पडला त्याचा खांदा मोडला. माझ्या सासऱ्यांचा, सांडूबाबांचा, तो हात मरेपर्यंत वर गेला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. पण हा दारात उभा राहून काय म्हणत होता, ते मला तेव्हा कळलं.

"आपल्या भाषेत मी थांबा म्हणलो, कुणी थांबलं नाय," तो म्हणाला. "माझ्या यशीला एक तरी भाषा येऊ दे, ज्यात तिनं थांबा म्हणलं की माणूस थांबल."

यशी, म्हणजे आमची यशोधरा, तेव्हा पाच वर्षांची होती. त्या दिवसापासून ह्या माणसानं ध्यास घेतला. बाकी त्याला काही नको होतं. पोरीनं ती भाषा सोडू नये, एवढंच.

मला विचाराल तर मला ते खूळ वाटायचं. त्याची गोष्ट ऐकून मी पदरानं डोळे पुसले ते खरं, पण दुसऱ्या दिवशी मी कंपनीतनं आठ तास पॅकिंग करून येते तर हा पोरीला समोर बसवून पाढे म्हणल्यासारखा म्हणवून घेतोय. सुबे म्हणजे वर, सुबे म्हणजे वर. पोरगी जांभया देतेय. दोन-चार दिवसांत तर त्याची सायकल वाजली की ती मागच्या दारानं पसार व्हायला लागली. मग त्यानं बिस्किटांची लालूच लावली. पोरीनं बिस्किटं खाल्ली आणि शब्द एक म्हणला नाही. माझीच लेक ती. रामोन तोवर काम संपवून आपल्या देशी निघून गेला होता.

मी म्हणलं, "बास झालं आता. शाळेतलं धड येऊ दे तिला."

"तिला गोडी न्हाय लागली, ह्यात तिची चूक न्हाय," हा म्हणाला. "मी कुठं असा शिकलो? मी तर दोरीवर शिकलो."

झालं. रविवारी दारातल्या कडुलिंबाच्या फांदीला त्यानं कप्पी टांगली, दोर ओवला आणि दोराच्या टोकाला माझं चांगलं बांबूचं डालं बांधलं. मला न विचारता. दोराचं दुसरं टोक हातात धरून म्हणतो, "यशे, आजपासून तू सांगशील तसं डालं हालंल. पण दोरीवर मराठी चालत न्हाय."

यशीनं बाहुली डाल्यात ठेवली. "पप्पा, वर घ्या." हा बहिऱ्यासारखा उभा. "घ्या की वो!" ढिम्म. पोरीनं पाय आपटले, रडली, बाहुली काढून घेतली, परत ठेवली. शेवटी चिडून ओरडली, "सुबे!" डालं सर्र करून वर. पोरगी चाटच पडली. मग म्हणाली, "आल्तो." डालं थांबलं. पुन्हा सुबे, पुन्हा आल्तो. मी ओट्यावरून बघत होते. तिच्या तोंडावर जे हसू आलं ना, ते बिस्किटाला कधी आलं नव्हतं.

तिला भाषेची गोडी नव्हती लागली, हुकूम चालवायची लागली होती. एवढा दांडगा बाप आपल्या एका शब्दावर थांबतो! मग काय विचारता. तो दाढी करताना आल्तो, भाकरीचा घास तोंडाशी नेताना आल्तो. आणि हा माणूस खरंच थांबायचा. घास हातात, तोंड उघडं. एकदा नळावरून घागर खांद्यावर घेऊन येत होता, पोरीनं दारात आल्तो म्हणलं आणि स्वतः खेळायला पळाली. हा घागर घेऊन उंबऱ्यात उभा. मी आतून किंचाळले, "मुडदा बशिवला त्या आल्तोचा! चुलीवर आधण ठेवलंय मी!" तरी हलला नाही. पोरगी परत आली, आरिया म्हणाली, तेव्हा घागर खाली. मला मात्र तिनं आल्तो म्हणलं की मी पाठीत धपाटा द्यायची. मला नव्हता लागू तो कायदा.

पण शब्द किती? त्या माणसाला येत होते ते सगळे ओझं उचलायचे शब्द. पोरगी विचारायला लागली, "भाकरीला काय म्हणत्यात? चांदणीला? आईला?" ह्याला कुठं ठाऊक. रामोनला चांदणी म्हणायची वेळच आली नव्हती. एक शब्द मात्र जास्तीचा होता, रामोन बोटावर हातोडी बसली की म्हणायचा तो. तो यशी शाळेत म्हणून आली आणि नशीब की बाईंना कळला नाही. छावणीतल्या चर्चमध्ये कुणाला येत असेल म्हणून हा सायकल मारत तिकडं गेला. तिथले फादर केरळचे. त्यांनी सरबत पाजून वाटेला लावला.

मी मनात म्हणलं, सुटलो. आता पोरगी कंटाळणार.

तर हा भिंतीला लागला. आमच्या घराच्या फळ्यांवर काळ्या शाईत ठसे होते. ते ठसे मी वर्षानुवर्षं बघत आलेली, पण ती अक्षरं आहेत हेच मला कधी सुचलं नव्हतं. स्पेनच्या मशीनच्या खोक्यांच्या फळ्या त्यानं हुडकून आणल्या, जुन्या काढल्या, ह्या ठोकल्या. ही बाजू वर, फुटेल, भिजवू नका, असलं काहीबाही लिहिलेलं. रामोननं त्याला खोकी उघडताना त्याचे अर्थ सांगितलेले. पोरगी भिंत वाचायला लागली. एक दिवस मी तिला न्हाऊ घालायला मोरीत ओढली तर ही छातीशी एक फळी धरून उभी. "मम्मे, ह्याच्यावर भिजवू नका लिवलंय." बाप बाहेर पोट धरून हसतोय. मी फळीसकट न्हाऊ घातलं दोघांनाही, म्हणजे पोरीला आणि फळीला. बापाच्या अंगावर तांब्याभर फेकलं ते वेगळं.

असं सगळं चाललेलं असताना माझा भाऊ घरी यायचा. सखारामदादा. त्याच्यापुढं मात्र घरात हसू नसायचं.

दादा नामांतराच्या लढ्यात पहिल्यापासून. कॉलेज सोडलं, मोर्चे काढले, तुरुंगात जाऊन आला. त्याच्या डाव्या हाताचं मनगट पोलिसांच्या लाठीनं वाकडं झालेलं. लग्न केलं नाही. विद्यापीठाला नाव लागल्याशिवाय करणार नाही म्हणला आणि वय निघून गेलं. माझा त्याच्यावर जीव होता आणि मला त्याची भीती पण वाटायची. कचरूला बघितलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. दादाचं म्हणणं असं, की ज्याचं घर जळलं तो माणूस एका मोर्चाला येत नाही आणि लिंबाखाली पोरीसंगं दोर ओढत बसतो. कचरू त्याला कधी उलटून बोलायचा नाही. मीच बोलायची दोघांना.

"दाजी, गावोगाव आपली माणसं मार खातेत," दादा म्हणायचा, "आन् तुम्ही लेकीला गोऱ्याची भाषा शिकवायलेत. कुणाला बोलणार हाय ती?"

"मला बोलती," कचरू म्हणायचा. एवढंच.

त्र्याण्णव सालच्या डिसेंबरात वस्तीत सभा ठरली. नाव द्या म्हणून शेवटचा जोर लावायचा होता. दादानं ठरवलं, यशीनं भाषण करायचं. सहा वर्षांची पोर माईकवर बोलली म्हणजे माणसं हलतील. त्यानं तिच्याकडून घोकून घेतलं. पोरगी दोरीकडं बघायची, मामा तिचं तोंड आपल्याकडं वळवायचा. मी दादाच्या बाजूनं होते. मला वाटलं, चारचौघांत माझी लेक बोलेल, चांगलंच आहे.

रविवारी दुपारी विहारापुढं मांडव घातला. माणसं लई जमली. यशी पांढऱ्या फ्रॉकमध्ये स्टुलावर उभी. सुरुवातीची वाक्यं अशी खणखणीत म्हणली की माझा ऊर भरून आला. मग माईक शिटी मारायला लागला. मागं पोरं हसायला लागली, बायका आपसांत बोलायला लागल्या, चहाचे ग्लास वाजायला लागले. पोरगी थांबली. सगळीकडं बघितलं. आणि माईकमध्ये जीव खाऊन ओरडली, "आल्तो!"

कुणी थांबलं नाही. पुन्हा ओरडली. सगळा मांडव हसायला लागला. कुणाला काय कळणार त्यातलं? एकटा कचरू, लांब मागं पाण्याचा ग्लास तोंडाला लावून उभा होता, तो तसाच थांबला. पण तिला स्टुलावरून तो दिसला नाही. दादानं तिला उचलून खाली ठेवलं. त्याचं तोंड लाल झालं होतं.

आम्ही पोरीला घेऊन घरी पोचलो तर दादा आमच्या आधी पोचलेला. चुलीपासचा माझा विळा घेऊन लिंबाखाली उभा.

"तोडून टाकतो हे," म्हणाला. "पंधरा वर्षं लाठ्या खाल्ल्या आम्ही. आन् माझी भाची साऱ्या वस्तीसमोर असलं कायतरी वरडती!"

कचरू पुढं झाला. "सखारामभाऊ, दोरीला हात लावू नका."

"तू बोलूच नको!" दादा दाजीवरून एकदम अरेतुरेवर आला. "स्वतःचं घर जळताना दारात उभा राहून बघणारा माणूस तू!"

कचरूला मी कधी चिडलेला बघितला नव्हता. त्या दिवशी बघितला. त्याचा उजवा हात वर गेला, मूठ वळलेली. खलाशाचा हात तो, बसला असता तर दादा उठला नसता. तेवढ्यात माझ्या कडेची यशी ओरडली.

"आल्तो!"

कचरूचा हात हवेत थांबला, जसा डाल्याचा दोर थांबायचा तसाच. दादाचा हात थांबला नाही. फाडकन आवाज आला. विळा दुसऱ्या हातात होता म्हणून बरं. कचरूच्या ओठातून रक्त आलं, हनुवटीवर ओघळलं. तो पडला नाही, मागं सरला नाही आणि त्याचा हातही खाली आला नाही. तो पोरीकडं बघत होता. सोड म्हणायचं काम तिचं होतं. पण पोरीच्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मीच त्याचा हात धरून खाली ओढला.

मग माझं तोंड सुटलं. "दादा! तो बघत उभा नव्हता! एकेकाचं नाव घेऊन थांबा म्हणत व्हता हात जोडून! कुणी थांबलं नाय त्याच्यासाठी. आज माझी लेक थांबा म्हणली, तर तू थांबलास? त्या गाववाल्यांत आन् तुझ्यात फरक काय ते सांग मला! निघ. निघ माझ्या दारातून!"

दादा वळला. गेला तसाच. जाताना माझा विळाही घेऊन गेला.

त्या दिवसापासून यशीनं ती भाषा सोडली. कचरू दोर धरून उभा राहायचा, ती ओट्यावर बसून मातीत रेघोट्या मारायची. "मला नाय खेळायचं, पप्पा. तेव्हढं तुम्हीच थांबता. बाकीचं कुणी थांबत नाय." सहा वर्षांची पोर हो! तिला काय सांगायचं? कचरूनं जबरदस्ती केली नाही. पण त्याचं खाणं गेलं. कामावरून आला की लिंबाकडं एकदा बघायचा आणि आत यायचा. डाल्यात शेजारच्या गीताबाईची कोंबडी अंडी घालायला लागली. इतके दिवस मी त्या दोरीला शिव्या घातल्या, आणि आता ती नुसती लोंबताना बघून माझाच जीव खालीवर व्हायचा. दादाचा राग तर असा, की तो समोर आला असता तर मी त्याचं दुसरं मनगट वाकडं केलं असतं.

जानेवारीत, संक्रांतीच्या दिवशी, बातमी आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. जुनं मराठवाडा नाव तसंच ठेवून त्याच्या आधी हे लावलं, म्हणजे मागितलं तसं अगदी मिळालं नाही, पण लागलं. वस्तीत ढोल वाजले, निळा गुलाल उधळला, म्हाताऱ्या बायका रस्त्यात नाचल्या. मी पण नाचले. कचरू विहारात जाऊन मेणबत्ती लावून आला आणि बराच वेळ सांडूबाबांच्या फोटोसमोर बसला.

दिवस कलताना दादा आला. डोक्यापासून पायापर्यंत निळा. आवाज बसलेला. एका हातात जिलेबीचा पुडा, दुसऱ्या हातात माझा विळा.

"लागलं गं नाव, पारू," म्हणाला आणि दारातच रडायला लागला. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण मी त्याच्या जवळ गेले नाही. विळा तेवढा हातातून घेतला.

त्यानं जिलेबी यशीपुढं धरली. यशी खांबाला टेकून उभी. हात पुढं केला नाही.

"घे की बाळा. मामावर राग हाय का?"

"तू थांबला नाहीस," यशी म्हणाली.

वस्तीत ढोल वाजत होता. दादा तिच्यापुढं उकिडवा बसला. ज्या माणसानं फौजदारापुढं मान खाली घातली नव्हती, तो माझ्या ओट्यापुढं मान घालून बसला होता. मला दया आली नाही. "काय केलं म्हणजे बोलशील?" त्यानं विचारलं.

पोरीनं लिंबाकडं बोट दाखवलं.

दादा उठला, दोर हातात घेतला. यशीनं डाल्यातलं अंडं काढून बाजूला ठेवलं. मग आत गेली आणि माझा वरवंटा दोन्ही हातांनी पोटाशी धरून, वाकत वाकत घेऊन आली. डाल्यात ठेवला. कचरू दारात येऊन उभा राहिला होता.

"सुबे," यशी म्हणाली. कितीतरी दिवसांनी.

दादानं कचरूकडं बघितलं. कचरूनं बोट वर केलं. दादानं ओढलं, वाकड्या मनगटानं, दात आवळून. डालं फांदीपाशी गेलं.

"आल्तो."

ह्या शब्दाचा अर्थ दादाला कुणी सांगावा लागला नाही. तो थांबला. यशी त्याच्याकडं बघत राहिली, लई वेळ. मग वळली आणि घरात आली.

"मम्मे, भूक लागली."

मी ताट वाढलं. पोरगी जेवायला बसली. भाकरीचा एकेक तुकडा कालवणात बुडवून, सावकाश. फळ्यांच्या फटीतून दादा दिसत होता. दोर धरून, पाय रोवून, कपाळावरून निळा घाम गळतोय. येणारेजाणारे थांबून विचारत होते, "सखारामभाऊ, काय चाललंय हे? चला की, मिरवणूक निघाली." तो मान हलवून नाही म्हणत होता. दोर सोडून दिला असता तर कोण काय म्हणणार होतं? सोडला नाही.

"दाजी," शेवटी तो खोल आवाजात म्हणाला, "हात लावा की जरा."

कचरूच्या ओठावरचा व्रण अजून दिसत होता. सभेच्या दिवसापासून दोघांत शब्द झाला नव्हता. "हात लावता येत न्हाय, भाऊ," तो म्हणाला. "हुकूम तिचा हाय. एकानंच द्यायचा असतो."

दादानं सगळा भार चांगल्या हातावर घेतला. मला राहवेना. म्हणलं, "यशे, मामाचं मनगट दुखतंय गं. सोड म्हण आता."

"जेवण होऊ दे," यशी म्हणाली.

तिनं ताट पुसून खाल्लं. हात धुतले, फ्रॉकला पुसले आणि बाहेर जाऊन लिंबाखाली उभी राहिली. बाप तिच्या मागं दारात.

"देस्पासियो," ती मामाला म्हणाली.

"काय म्हणती?" दादानं विचारलं.

"सावकाश म्हणती," कचरू म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यानं पुसलंसुद्धा नाही.

"आरिया," यशी म्हणाली. दादानं दोर हळूहळू, इंच इंच सोडत वरवंटा खाली आणला. डालं जमिनीला टेकलं तरी त्यानं दोर हातातून सोडला नाही. पोरीकडं बघत तसाच उभा राहिला, पुढचं काय सांगते म्हणून.